धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न उभा राहिला, तर दाद कोणाकडे आणि कशी मागावी

मुंबईत धर्माच्या प्रश्नावरचे बहुतेक वाद सोसायटीच्या वार्षिक सभेत, शाळेच्या पालकसभेत किंवा पोलीस ठाण्यातल्या ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी सुरू होतात, आणि तिथे ‘हा आमचा घटनेने दिलेला हक्क आहे’ हे वाक्य दोन्ही पक्ष सारख्याच आवेशाने म्हणतात. बऱ्याचदा दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर असते. हक्क असतो, पण ज्याच्यासमोर तो मांडला जातो त्याच्यावर तो बंधनकारक नसतो. किंवा बंधनकारक असतो, पण अर्ज भलत्याच कार्यालयात जाऊन पडतो. ज्या पालकाला, भाडेकरूला, मंडळाच्या कार्यकर्त्याला किंवा सोसायटीच्या सचिवाला वाद वाढवण्यापेक्षा तो मार्गी लावायचा आहे, त्याच्यासाठी हे लिहिले आहे.

समोर कोण आहे, हे आधी ठरवावे

संविधानाच्या अनुच्छेद २५ ते २८ मधील धर्मस्वातंत्र्याचे हक्क प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध मागता येतात. राज्यसंस्था म्हणजे कोण, हे अनुच्छेद १२ सांगतो: केंद्र सरकार, राज्य सरकार, विधिमंडळे, महानगरपालिकेसारख्या स्थानिक संस्था आणि सरकारच्या नियंत्रणाखालची प्राधिकरणे. म्हणजे महापालिकेचे विभाग कार्यालय, पोलीस ठाणे, म्हाडा, महापालिकेची शाळा हे सर्व त्यात येतात. पण सहकारी गृहनिर्माण संस्था, खासगी घरमालक आणि खासगी कंपनी सहसा येत नाहीत. याला काही अपवाद आहेत. अनुच्छेद १५(२) नुसार दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणालाही मज्जाव करता येत नाही, आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता पाळण्यास केलेली मनाई सरकारइतकीच खासगी माणसालाही लागू आहे. एरवी मात्र समोर खासगी व्यक्ती किंवा संस्था असेल, तर संविधानाऐवजी त्या संस्थेला लागू असलेला कायदा हाती घ्यावा लागतो. नुसत्या अनुच्छेद २५ च्या आधारावर लिहिलेला अर्ज सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाच्या टेबलावर पुढे सरकत नाही, हे लक्षात ठेवले तर पुष्कळ वेळ वाचतो.

यानंतर आपली तक्रार नेमकी कशाबद्दल आहे, ते स्वतःशी स्पष्ट करावे. अनुच्छेद २५ सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म प्रकट करण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देतो, आणि ते केवळ नागरिकांना नव्हे, तर सर्व व्यक्तींना देतो. मात्र ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या इतर तरतुदी यांच्या अधीन आहे. धर्माशी निगडित आर्थिक, राजकीय किंवा इतर ऐहिक व्यवहारांवर कायदा करण्याची मुभाही सरकारला त्याच अनुच्छेदाने दिली आहे. श्रद्धेवर कोणी घाला घालत असेल तर संरक्षण भक्कम असते. वाद जागेचा, आवाजाचा किंवा पैशाचा असेल तर तो बहुधा साध्या कायद्याचा वाद असतो आणि त्याला धर्माचे रूप दिल्याने अर्जदाराचीच बाजू लंगडी पडते. अमुक प्रथा आमच्या धर्माचा अविभाज्य भाग आहे, हा युक्तिवादही अर्जात करू नये. १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालय त्या कसोटीवर खल करीत आले आहे. ती ठाणे अंमलदाराने पहिल्या दिवशी लावावी, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

आपल्याकडची फारकत कशी आहे

धर्म आणि राज्य यांच्यात भिंत असते, ही कल्पना डोक्यात धरून अर्ज केला तर निराशा ठरलेली. अमेरिकेच्या संविधानाची १७९१ ची पहिली दुरुस्ती काँग्रेसला धर्म स्थापन करणारा कायदा करण्यास मनाई करते. फ्रान्सने १९०५ च्या कायद्याने चर्च आणि राज्य वेगळे केले. आपल्या संविधानात असे एखादे थेट वाक्य नाही. मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवलेल्या प्रा. के. टी. शहा यांनी १९४८ मध्ये संविधान सभेत ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली, ती फेटाळली गेली. उद्देशिकेत तो शब्द १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आला, आणि धर्मनिरपेक्षता हा संविधानाच्या मूलभूत संरचनेचा भाग आहे, असे १९९४ मध्ये बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले.

व्यवहारात याचा अर्थ पाहायचा असेल, तर प्रभादेवीला जावे. सिद्धिविनायक मंदिराची व्यवस्थापन समिती १९८० च्या स्वतंत्र कायद्यानुसार राज्य सरकार नेमते. राज्यातील सार्वजनिक न्यासांचे हिशेब, मग ते मंदिराचे असोत वा अग्यारीचे, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली असतात. या कायद्याला रतिलाल गांधी प्रकरणात आव्हान दिले गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये कायदा मोठ्या प्रमाणात कायम ठेवला, पण धार्मिक न्यासाच्या खुद्द धर्मविषयक कारभारात हात घालणाऱ्या काही तरतुदी रद्द केल्या. सरकार दानपेटीचा हिशेब विचारू शकते, पूजा कशी करावी हे सांगू शकत नाही, ही आपली सीमारेषा आहे आणि अर्ज लिहिताना ती उपयोगी पडते. सरकारी किंवा महापालिकेच्या पैशाबद्दल शंका असेल, तर अनुच्छेद २७ पाहावा: एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी खास राखून ठेवलेला कर भरण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. मात्र यात्रेच्या दिवशी पाणी, रस्ता आणि बंदोबस्त यांवर झालेला प्रत्येक खर्च त्यात मोडत नाही. आधी माहिती अधिकारात खर्चाचे लेखाशीर्ष मागवावे आणि मगच ओरड करावी.

शाळेतील प्रार्थना आणि धर्मशिक्षण

पालकांना सर्वांत जास्त उपयोगी पडणारा अनुच्छेद २८ आहे, आणि सर्वांत कमी वाचला जाणाराही तोच. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत, म्हणजे महापालिकेच्या शाळेत, धर्मशिक्षण देताच येत नाही. सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या इतर शाळांत, मग ती वांद्र्याची कॉन्व्हेंट शाळा असो, दादरची जुनी मराठी शाळा असो किंवा नागपाड्याची उर्दू शाळा असो, धर्मशिक्षण देता येते. परंतु विद्यार्थ्याला त्यात किंवा तेथील धार्मिक उपासनेत भाग घेण्याची सक्ती करता येत नाही, आणि विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. शाळा अल्पसंख्याक संस्थेची आहे आणि तिला अनुच्छेद ३० चे संरक्षण आहे, म्हणून हा नियम तिला लागू नाही, असे कोणी सांगितले तर ते चूक आहे. विनाअनुदानित शाळाही मान्यताप्राप्त असल्यास या नियमात येते.

धर्माविषयीचे शिक्षण मात्र वेगळे. इतिहासाच्या तासाला वारकरी संप्रदाय, सूफी परंपरा किंवा बौद्ध लेणी शिकवणे हे धर्मशिक्षण नव्हे. सर्व धर्मांची ओळख अभ्यासक्रमात असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय प्रकरणात मान्य केले. पाठ्यपुस्तकातल्या धड्यावर आक्षेप घेत मुख्याध्यापकांकडे जाण्यापूर्वी हा फरक नीट तपासावा.

पत्र लिहायचे झाल्यास ते असे लहान असावे: ‘माझा पाल्य इयत्ता पाचवी, तुकडी ब मध्ये शिकत आहे. दर शुक्रवारी होणाऱ्या धार्मिक उपासनेत त्याने भाग घेण्यास पालक म्हणून माझी संमती नाही. संविधानाच्या अनुच्छेद २८(३) नुसार त्या वेळेत त्याला अभ्यासिकेत किंवा ग्रंथालयात बसण्याची सोय करावी आणि या कारणावरून त्याच्या उपस्थितीवर व गुणांवर परिणाम होणार नाही, असे लेखी कळवावे, ही विनंती.’ यात शाळेच्या परंपरेवर टीका नाही, दुसऱ्या धर्माबद्दल विशेषण नाही आणि मागणी एकच आहे. पत्राच्या दोन प्रती न्याव्यात, कार्यालयात एक देऊन दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. उत्तर आले नाही, तर त्याच पोचेची प्रत जोडून महापालिकेच्या किंवा राज्याच्या संबंधित शिक्षण विभागाकडे अर्ज करावा.

अंगावर येणारी शिक्षा झाली, तर दोन निकाल सांगण्यासारखे आहेत. केरळमधील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढले, तेव्हा १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. नाशिकमधील एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्याची वेतनश्रेणी अडवली गेली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्या शिक्षकाच्या बाजूने निर्णय दिला. संरक्षण विद्यार्थ्यांपुरते नाही, हे शिक्षकांनीही लक्षात ठेवावे.

सोसायटीत

इथे संविधानापेक्षा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि नोंदणीकृत उपविधी, म्हणजे संस्थेचे स्वतःचे नियम, जास्त कामाला येतात. फ्लॅट विकत घेणाऱ्याला धर्मावरून सभासदत्व नाकारले जात असेल, तर तोंडी नकारावर गप्प बसू नये. रीतसर अर्ज, शेअर हस्तांतरणाची कागदपत्रे आणि शुल्क देऊन पोच घ्यावी. कलम २३ नुसार पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि कलम २२ नुसार तीन महिन्यांत संस्थेने निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाल्याचे मानले जाते. नकार लेखी मिळाला, तर उपनिबंधकाकडे अपील करता येते. एक अडचण मात्र आधीच माहीत असावी: २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व विशिष्ट समाजापुरते ठेवणारा नोंदणीकृत उपविधी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. म्हणून भांडणापूर्वी उपविधींची प्रत मागवून वाचावी. उपविधीत तसे काही नसताना ‘आमच्या इमारतीत चालत नाही’ एवढेच कारण सांगितले जात असेल, तर ते कमिटीचे मत झाले, नियम नव्हे.

भाड्याच्या घराची गोष्ट अधिक कडवट आहे. खासगी मालकाने धर्म विचारून घर नाकारले, तर त्याला थेट रोखणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही, आणि दलालाशी हुज्जत घालून काही साध्य होत नाही. मालक द्यायला तयार आहे आणि कमिटी अडवते, ही परिस्थिती मात्र वेगळी. नमुना उपविधींनुसार सदनिका लिव्ह अँड लायसन्सने देताना मालकाने संस्थेला आगाऊ कळवायचे असते, परवानगी मागायची नसते. तसे लेखी पत्र मालकाकडून द्यावे आणि कमिटीचा आक्षेप लेखी मागावा. कागदावर उतरवायचे म्हटले की निम्मे आक्षेप विरतात.

सणांच्या बाबतीत सचिवांनी एक पथ्य पाळले तर बरेच तंटे टळतात: उत्सवाची वर्गणी देखभालीच्या बिलात घालू नये. ती ऐच्छिक ठेवावी, वेगळी पावती द्यावी आणि हिशेब वेगळा मांडावा. सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात ठराव लिहिताना सणाचे नाव न घेता नियम लिहावा, उदाहरणार्थ: ‘संस्थेचे आवार कोणत्याही सभासदाला किंवा सभासदांच्या गटाला धार्मिक अथवा सांस्कृतिक कार्यक्रमासाठी सात दिवस आधी अर्ज केल्यास, रात्री दहापर्यंत, त्याच शुल्कात व त्याच अटींवर देण्यात येईल.’ गणपतीला मिळालेली गच्ची इफ्तारला किंवा नाताळच्या कॅरोलला का नाही, हा प्रश्न मग उरत नाही. महापालिकेचा परवाना लागणाऱ्या गोष्टी मात्र सोसायटीच्या ठरावाने होत नाहीत. २०२३ च्या बकरी ईदपूर्वी दक्षिण मुंबईतील एका सोसायटीचा वाद उच्च न्यायालयात गेला, तेव्हा तेथे कत्तलीचा परवाना दिलेला नसेल तर महापालिकेने पोलिसांच्या मदतीने कारवाई करावी, असा आदेश झाला. प्रश्न परवान्याचा होता, आणि न्यायालयाने तो तेवढाच ठेवला.

भोंगे आणि मंडप

ध्वनिप्रदूषण नियम, २००० सर्वांना सारखे आहेत. बंदिस्त सभागृहे वगळता रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस सण-उत्सवांसाठी मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. ध्वनिक्षेपक वापरण्याचा हक्क धर्मस्वातंत्र्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये चेन्नईच्या एका चर्चच्या प्रकरणात सांगितले आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर त्याचा पुनरुच्चार केला. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्यातील नेहरू नगरच्या रहिवाशांच्या याचिकेवर निर्णय देताना उच्च न्यायालयाने आणखी एक मोलाची गोष्ट केली: तक्रारदाराची ओळख उघड न करता पोलिसांनी कारवाई करावी, असे बजावले. शेजाऱ्यांशी वैर नको म्हणून गप्प बसणाऱ्यांनी या निर्णयाचा आधार घ्यावा. तक्रारीत तारीख, सुरू व बंद होण्याची वेळ, ठिकाण आणि आवाज किती दिवस चालला एवढेच लिहावे; ११२ वर फोन केला असल्यास त्याची वेळ नोंदवावी. ‘त्यांचे चालते, आमचेच का’ हे वाक्य कटाक्षाने टाळावे. भोंग्याविरुद्धची तक्रार ज्या क्षणी धर्माविरुद्धची तक्रार होते, त्या क्षणी ती पोलिसांच्या दृष्टीने बंदोबस्ताचा विषय होते आणि भोंगा बाजूला राहतो.

मंडपवाल्यांनाही हक्क आहेत, पण पदपथावर कायमचा ठिय्या हा त्यातला नाही. रस्त्यावर तात्पुरता मंडप उभारण्यासाठी मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३१७ खाली पालिका आयुक्त पोलिसांच्या सहमतीने परवानगी देतात. परवानगी नाकारली, तर कारण लेखी मागावे. त्याच रस्त्यावर, त्याच रुंदीवर दुसऱ्या उत्सवाला परवानगी मिळालेली असेल, तर त्या आदेशाची प्रत माहिती अधिकारात मिळवावी. मग आपला मुद्दा अनुच्छेद १४ च्या समानतेचा होतो, आणि तो कोर्टात ‘आमच्या भावना दुखावल्या’ यापेक्षा कितीतरी जड भरतो. सार्वजनिक जागेत नव्याने अनधिकृत प्रार्थनास्थळ उभारू देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २००९ चा आदेश आहे, तेव्हा ‘आधी मूर्ती बसवू, मग बघू’ हा जुना मुंबई मार्ग आता धोक्याचा आहे.

आपल्याच समाजाविरुद्ध

सर्वांत अवघड अर्ज हाच. सरकारने त्रास दिला तर माणूस उठतो, जमातीने वाळीत टाकले तर बहुधा तो खचतो. १९४९ चा मुंबई राज्याचा बहिष्कृत करण्यास प्रतिबंध करणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर, धार्मिक पंथाला आपला धर्मविषयक कारभार पाहण्याचा हक्क देणाऱ्या अनुच्छेद २६ चा आधार घेऊन रद्द केला होता, आणि त्या निकालाच्या फेरविचाराचा प्रश्न २०२३ मध्ये मोठ्या पीठाकडे गेला. दरम्यान महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा २०१६ चा कायदा केला आहे. त्यात सामाजिक वा धार्मिक कार्यक्रमांतून वगळणे, विवाह किंवा अंत्यविधी अडवणे, व्यवहार तोडायला लावणे यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. तक्रार पोलिसांकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे करता येते. पंचांची बैठक कधी झाली, निरोप कोणी आणला, कोणत्या कार्यक्रमाला मज्जाव झाला, हे तारखेनिशी लिहावे. व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप पुसू नयेत.

प्रार्थनास्थळातील प्रवेशाबाबत हाजी अली दर्ग्याचे उदाहरण घरचेच आहे. मजारीजवळ जाण्यास स्त्रियांना घातलेली बंदी उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये अनुच्छेद १४, १५ आणि २५ यांच्याशी विसंगत ठरवली. पुढे सर्वोच्च न्यायालयात विश्वस्तांनीच प्रवेश देण्याचे मान्य केले. विश्वस्तांचा अनुच्छेद २६ खालचा व्यवस्थापनाचा हक्क न्यायालयाने नाकारला नव्हता; त्या हक्कात स्त्रियांना वगळण्याचा अधिकार सामावत नाही, एवढेच म्हटले होते.

ज्यांना कोणताच धर्म लावायचा नाही, त्यांच्यासाठीही मार्ग आहे. २०१४ मध्ये डॉ. रणजित मोहिते यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात धर्म न मानण्याचे स्वातंत्र्य येते आणि सरकारी फॉर्मवर धर्म लिहिण्याची सक्ती करता येत नाही. कारकून रकाना रिकामा स्वीकारत नसेल, तर ‘कोणताही नाही’ असे लिहून निकालाची प्रत जोडावी.

निवडणुकीत धर्माच्या नावाने मत मागितले गेले, तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम १२३(३) लागू होते. निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात करावी लागते. सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० च्या निवडणुकीवरून निघालेला अभिराम सिंग खटला २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठापुढे चार विरुद्ध तीन मतांनी तडीस गेला, आणि मतदाराच्या धर्माचा आधार घेऊन केलेले आवाहनही त्यात येते, असे ठरले. तोवर ती विधानसभा इतिहासजमा झाली होती, ही गोष्ट वेगळी.

वरची पायरी

पोलिसांनी दखलपात्र गुन्ह्याची तक्रार घेतली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार ती लेखी स्वरूपात पोलीस उपायुक्तांकडे पाठवावी आणि तेथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जावे. स्वतः लिहिताना मात्र जपावे. धर्मावरून वैर वाढवणारा मजकूर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये आणि हेतुपुरस्सर धर्मभावना दुखावणारा मजकूर कलम २९९ मध्ये बसतो, आणि सोसायटीच्या ग्रुपवर रात्री टाकलेला संदेश सकाळी स्टेशन डायरीत जाऊ शकतो. पालिका उत्तर देत नसेल, तर दहा रुपयांच्या शुल्कात माहिती अधिकाराचा अर्ज करावा: आपल्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणती कार्यवाही झाली, कोणत्या अधिकाऱ्याकडे तो आहे आणि त्यावरील टिप्पणीची प्रत. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि अनेकदा माहितीआधी मूळ अर्जच हलतो.

मूलभूत हक्काचा भंग राज्यसंस्थेने केला असेल, तर अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. अनुच्छेद ३२ खाली थेट दिल्लीला जाण्याचा मार्ग आहे, पण जिथे स्थानिक कागदपत्रे पाहावी लागतात तिथे फोर्टमधले उच्च न्यायालयच सोयीचे. महिला, मुले, अनुसूचित जाती व जमातींचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते. वकिलाकडे जाताना पोच असलेले अर्ज तारखेच्या क्रमाने लावावेत, वर एका पानाचा घटनाक्रम ठेवावा आणि प्रत्येक कागदाला क्रमांक द्यावा. वकील पहिल्या भेटीत हेच मागतात.